महाविद्यालयाचा पाणी-हिशेब: पाणी नेमकं कुठे मुरतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पट तीन हजारांचा, आवारातच २४० विद्यार्थ्यांचं वसतिगृह. पाणी दोन बोअरवेल आणि एका सार्वजनिक नळजोडातून येतं, मीटर फक्त नळजोडावर. दुपारनंतर टाक्यांचा तळ दिसतो. वरून पाण्याचं ऑडिट करायला सांगितलंय, आणि सगळ्या बेसिनना सेन्सरचे नळ बसवायचा प्रस्तावही तयार आहे. सुरुवात कुठून करायची, आणि या नळांनी किती पाणी वाचेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सेन्सर नळांचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवा. ते नळ वाईट आहेत असं नाही. पण हात धुण्यात आवारातलं किती पाणी जातं हे माहीत नसताना तिथेच खर्च करणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पुढे आकडेमोड दिली आहे, ती पाहिल्यावर तुमच्या लक्षात येईल.

तुमचा खरा प्रश्न ‘पाणी कसं वाचवायचं’ हा नाही. आत किती येतं, माणसं किती वापरतात आणि या दोन आकड्यांतला फरक कुठे जातो, हा आहे. जमाखर्चाच्या वहीसारखंच हे काम. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली पाणीपुरवठ्याच्या ताळेबंदाचा जो साचा रूढ केला, तो मुळात शहरांसाठी आहे, पण आवारालाही तोच लागू पडतो: आलेलं पाणी = वापरलेलं + वाया गेलेलं + टाक्यांतल्या साठ्यातली वाढ किंवा घट. ऑडिटचा अहवाल कितीही जाड असो, ही एक ओळ त्यात जुळत नसेल तर बाकीची पानं निव्वळ सजावट.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. नळाला पाणी चोवीस तास येतं की ठरावीक वेळी, टाक्या किती उंचावर आहेत, पाणी किती जड आहे, पाइप किती जुने आहेत, वातानुकूलन यंत्रणा पाण्यावर चालते का, हिरवळ किती आहे. यानुसार वाया जाण्याच्या जागा बदलतात. खालचे वापराचे आकडे हा पहिला अंदाज समजा. तुमच्याकडे मोजून जो आकडा येईल तो खरा.

आत किती येतं

मीटर नाही म्हणून अडून बसू नका, आणि पंपावरच्या पाटीवर लिहिलेला विसर्गही (तासाला किती पाणी पडतं तो आकडा) धरू नका. तो पंप ठरावीक उंचीवर पाणी चढवेल तेव्हाचा असतो. तुमच्या बोअरची खोली, पाइपची लांबी, पंपाची झीज हे त्या पाटीला ठाऊक नाही. बोअरचं पाणी खालच्या टाकीत पडत असेल तर टाकीच आपलं माप. टाकी आतून ५ मीटर × ४ मीटर असेल तर क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर चढलं की २०० लिटर आले. टाकीतून वर जाणारा पंप बंद, नळाचं पाणीही बंद, आणि एकच बोअर तासभर चालवा. पातळी ३० सेंटिमीटर वाढली तर विसर्ग ताशी ६००० लिटर. टाकीचं तोंड अडचणीत असेल तर २०० लिटरचं पिंप भरायला किती वेळ लागतो ते पाहा. ताशी ६००० चा पंप ते दोन मिनिटांत भरतो, त्यामुळे तीनदा मोजून सरासरी घ्या. हाताची चूक त्यात विरते.

मग पंप किती तास चालला एवढंच मोजायचं उरतं. पंप चालवणाऱ्याच्या वहीवर विसंबू नका. स्टार्टर पॅनेलमध्ये तास मोजणारं छोटं मीटर बसवून घ्या, पंपाला वीज मिळेल तेवढाच वेळ ते पुढे सरकतं. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की विसर्ग घटतो, म्हणून दर ऋतूत एकदा नव्याने मोजा. पावसाळ्यातला विसर्ग मे महिन्यात वापरला तर कागदावर भरपूर पाणी आणि टाकीत खडखडाट, असा प्रकार होतो. टँकर येत असतील तर प्रत्येक टँकरमागे टाकी किती सेंटिमीटर चढली ते लिहा. पावतीवरच्या लिटरपेक्षा ते जास्त बोलतं.

रात्रीची परीक्षा

सगळ्या ऑडिटमधून एकच चाचणी करायची परवानगी मिळाली तर मी हीच करेन. दिवसा वापर आणि गळती एकमेकांत मिसळलेली असतात. रात्री वापर झोपतो, गळती जागी राहते.

वर्गांची इमारत निवडा, वसतिगृह नंतर. गच्चीवरची टाकी आतून मोजा. समजा ४ मीटर × ३ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर; पातळी १ सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. रात्री ११ वाजता टाकी भरून घ्या आणि तिच्यात येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा. पंप बंद केला तेवढं पुरत नाही, कारण पहाटे कुणी सवयीने पंप सुरू करतो आणि रात्रभराची मेहनत फुकट जाते. पंपाच्या बटणावर कागद चिकटवा आणि पहारेकऱ्याला समक्ष सांगा. कोरडी लाकडी पट्टी टाकीच्या एकाच कोपऱ्यातून सरळ आत सोडा, ओली झाल्याची खूण मोजा. पट्टीला आधी खडू चोळला तर ओल्याची रेघ स्वच्छ दिसते. तीच पट्टी, तोच कोपरा, पहाटे ५ वाजता पुन्हा.

सहा तासांत पातळी २५ सेंटिमीटर उतरली असेल तर ३००० लिटर गेले, म्हणजे ताशी ५००. चोवीस तासांचे १२,००० लिटर. इमारतीला कुलूप होतं, एकही माणूस आत नव्हता. हा आकडा व्यवस्थापनापुढे ठेवला की पुढच्या कामाला मंजुरी मिळायला वेळ लागत नाही.

एक खबरदारी घ्या. टाकी स्वतःच झिरपत असेल तर दोष इमारतीच्या माथी येईल. म्हणून दुसऱ्या रात्री टाकीतून खाली जाणारे सगळे व्हॉल्व्हही बंद करून तीच चाचणी करा. तरीही पातळी उतरली तर टाकीला तडा आहे, किंवा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. जुने गेट व्हॉल्व्ह हमखास दगा देतात. चाक फिरून थांबतं, पण आत गाळ अडकलेला असतो आणि पाणी चालूच राहतं. बंद केल्यावर खालच्या मजल्यावरचा नळ उघडून धार खरंच तुटते का ते आधी पाहा. जमिनीखालच्या टाकीचीही अशीच परीक्षा घ्या. तिथे कधी पातळी चढलेली दिसते, तेव्हा खूश होऊ नका. बाहेरचं पाणी आत झिरपतंय असा त्याचा अर्थ, आणि ते पाणी पिण्यात जात असेल तर तो गळतीपेक्षा गंभीर प्रश्न आहे.

वसतिगृहात रात्रीही वापर चालू असतो. तिथे १ ते ४ ही वेळ धरा. सुट्टीत ते रिकामं होत असेल तर चाचणी तेव्हाच करा.

माणसं किती वापरतात

पटावरचा आकडा घेऊ नका, हजेरी घ्या. तीन हजारांपैकी रोज दोन हजार येतात असं धरू, निम्मे मुलगे निम्म्या मुली, आणि फ्लश १० लिटरचे. मुली १००० × दिवसाला १.२ वेळा × १० लिटर = १२,०००. मुलगे १००० × (मुतारी १.५ वेळा × २ लिटर, शिवाय दहातला एक संडासात १० लिटर) = ४,०००. हात धुणं २००० × २ वेळा × १.५ लिटर = ६,०००. पिणं माणशी १ लिटर, २,०००. एकूण २४,००० लिटर.

आता वसतिगृह: अंघोळ ४५, फ्लश ३६, कपडे २०, हात-तोंड १२, स्वयंपाक-भांडी-पिणं २०, म्हणजे माणशी १३३ लिटर. २४० जणांचे सुमारे ३२,०००. म्हणजे वसतिगृहातली २४० मुलं दिवसा येणाऱ्या दोन हजारांपेक्षा जास्त पाणी वापरतात. ऑडिट करणारे बहुतेक जण नेमकं इथे उलट करतात: वर्गांच्या इमारतीत फलक लावतात आणि वसतिगृहाकडे फिरकतही नाहीत.

बाग १०,००० आणि प्रयोगशाळा-साफसफाई ६,००० धरली तर बेरीज ७२,००० होते. बोअरचे तास आणि नळाचं मीटर मिळून आत १,००,००० लिटर येत असतील तर २८,००० लिटरचा पत्ता नाही. त्यातले १२,००० आपल्याला रात्रीच्या चाचणीत सापडलेच. उरलेल्याचा शोध चालू ठेवायचा. हा फरक दहा टक्क्यांच्या आत आला की मी शोध थांबवतो. त्याखाली अंदाजांचीच चूक जास्त असते.

आता सेन्सरच्या नळांकडे परत या. दिवसा हात धुण्याचे ६,००० लिटर. नळांनी त्यातला एक तृतीयांश वाचवला, तरी २,००० लिटर, म्हणजे एकूण पाण्याच्या २ टक्के. रात्रीच्या चाचणीत सापडलेल्या १२,००० लिटर गळतीचा सहावा हिस्सा.

वरचे गुणक तुमच्याकडे वेगळे असतील. ते तपासायला विद्यार्थ्यांना स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर बसवा, तासाला किती जण आत गेले एवढ्याच खुणा करायला सांगा. आत जाऊन निरीक्षण नाही, कॅमेरा तर मुळीच नाही.

फ्लशची टाकी: गुपचूप गळणारी

ठिबकणारा नळ सगळ्यांना दिसतो, म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात. पण हिशेब करा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला जेमतेम सव्वाचार लिटर. फ्लशच्या टाकीतून भांड्यात आवाज न करता मिनिटाला १०० मिलिलिटर जात असेल तर दिवसाला १४४ लिटर. तेहतीस ठिबकते नळ एका बाजूला, एक मुकी टाकी दुसऱ्या बाजूला. नळ दुरुस्त करू नका असं म्हणत नाही, पण क्रम हा ठेवा.

तपासायची रीत अशी. टाकीत खाण्याचा रंग गडद होईल इतका टाका आणि पंधरा मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला की गळती पक्की. पण कुठून, हे अजून कळलेलं नाही, आणि इथेच प्लंबर नको तो भाग बदलून जातो. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारी भिंतीवरची छोटी चावी) बंद करा, टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा, अर्ध्या तासाने पाहा. टाकीचा आडवा छेद ३५ × १५ सेंटिमीटरचा असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे अर्धा लिटर गेला. पातळी उतरली तर दोष तळाच्या वॉशरमध्ये. पातळी जागच्या जागी राहिली आणि कॉक उघडल्यावरच भांड्यात पाणी दिसलं, तर वॉशर ठीक आहे. बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या फ्लोटने पाणी बंद करणारी चावी) वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी मधल्या ओव्हरफ्लो नळीतून उतरतंय. तिथे फ्लोट खाली घ्यायचा, पाणी नळीच्या तोंडाखाली २ सेंटिमीटर थांबलं पाहिजे.

वॉशर बदलताना तो बसतो ती जागा बोटाने चाचपा. जड पाण्याचा खडबडीत थर लागला असेल तर नवा वॉशरही महिन्याभरात गळेल. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने थर काढा, मग वॉशर बसवा. आणि टाकीत टाकायच्या त्या ब्लीचच्या वड्या बंद करा, त्यांनी रबर कडक होऊन आक्रसतं. टाकी भिंतीत दडलेली असेल तर भांड्याची मागची बाजू कोरडी पुसून तिथे टिश्यू पेपर चिकटवा. तो ओला झाला की उत्तर मिळालं.

जुन्या १० लिटरच्या टाकीत पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली ठेवली की दर फ्लशमागे लिटर वाचतो. ती फ्लोटला अडता कामा नये. वीट ठेवू नका, तिचा चुरा वॉशरखाली जाऊन बसतो. आणि हाव धरू नका: जुनं भांडं १० लिटरच्या झोतासाठी घडवलेलं आहे. ५ लिटरमध्ये ते साफ होत नाही, लोक दोनदा फ्लश करतात, आणि पाइपात घाण साचते ती वेगळीच. कमी पाण्याचा फ्लश हवा असेल तर भांडं आणि टाकी जोडीनेच बदला.

मुताऱ्यांवर आपोआप सुटणारी टाकी असेल तर तीही पाहा. ९ लिटरची टाकी दर पंधरा मिनिटांनी सुटली तर दिवसाला ८६४ लिटर, त्यातले ५०० च्या वर इमारत बंद असताना. अशा चार टाक्या म्हणजे रोज २००० लिटर वाया, अगदी सेन्सर नळांच्या बचतीएवढे. संध्याकाळी बंद होणारा व्हॉल्व्ह आणि त्याला टायमर, इतकंच पुरतं.

नळ आणि दाब

टाकीपासून नळ जितका खाली, तितका दाब जास्त. दर दहा मीटरला सुमारे एक बार (दाब मोजायचं एकक). विसर्ग दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. टाकीखाली ३ मीटरवरचा नळ मिनिटाला ६ लिटर देत असेल, तर तसाच नळ १२ मीटर खाली साधारण १२ लिटर देतो. म्हणजे तळमजल्यावरचा माणूस उधळ्या नाही, त्याचा नळच तसा आहे. एक लिटरचं माप आणि फोनमधलं घड्याळ घेऊन प्रत्येक मजल्यावरचे दोन-तीन नळ मोजा.

तळमजल्यावर मिनिटाला ३-४ लिटरचे एरेटर (नळाच्या तोंडाला लावायची, धारेत हवा मिसळणारी जाळी) बसवा. सगळ्यात वरच्या मजल्यावर नको. तिथे दाब इतका कमी की फेस होत नाही, नुसती करंगळीएवढी धार येते, आणि आठवड्याभरात कुणीतरी एरेटर काढून फेकतं. खरेदीआधी नळाच्या तोंडाला आटे आहेत का पाहा. आतून असतील तर बहुधा २४ मिलिमीटरचा एरेटर लागतो, बाहेरून असतील तर २२ चा. जुन्या साध्या नळांना आटेच नसतात. तिथे बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा बंद करा. फुकटचा उपाय आहे, म्हणूनच कुठल्या प्रस्तावात तो नसतो.

दाबून सोडायचे नळ चांगले, पण पाणी जड असेल तर स्प्रिंगला क्षार धरतात आणि नळ दाबलेलाच राहतो. दर तीन महिन्यांनी उघडून साफ करायला माणूस असेल तरच घ्या. सेन्सरच्या नळांचंही तेच: बोअरच्या पाण्यातला वाळूचा एक कण सोलेनॉइडमध्ये (विजेने उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) अडकला की नळ वाहतच राहतो, आणि बंद करायला त्याला चावीच नसते.

ओव्हरफ्लो लपवू नका

बहुतेक टाक्यांचा ओव्हरफ्लो पाइप सभ्यपणे थेट गटारात किंवा पावसाच्या पन्हळीत सोडलेला असतो. टाकी तासभर वाहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही. तो पाइप कापा आणि त्याचं तोंड लोकांची ये-जा असते तिथे, दिसेल असं आणा. टाकी वाहिली की ऑफिसात तक्रार आलीच पाहिजे. पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवलात तरीही हे कराच, कारण फ्लोट वायरमध्ये किंवा भिंतीला अडकणं ही नित्याची गोष्ट आहे.

जमिनीखालची गळती शोधायला रात्रीचीच वेळ. टाकीतून एकेका इमारतीकडे जाणारे व्हॉल्व्ह दर अर्ध्या तासाने एकेक करून बंद करत जा आणि पातळी उतरण्याचा वेग बघा. ज्या व्हॉल्व्हनंतर वेग एकदम कमी झाला, ती लाइन दोषी. मग त्या लाइनवरून दिवसा चाला. आजूबाजूचं गवत सुकलेलं असताना एकच पट्टा हिरवागार असेल तर खणायला तिथूनच सुरुवात करा.

प्रयोगशाळा, आरओ आणि बाग

रसायनशास्त्राची प्रयोगशाळा प्रश्नात नव्हती, पण पाहाच. गाळण्यासाठी नळाला लावलेला निर्वात पंप मिनिटाला ६ ते ८ लिटर पाणी सरळ सिंकमध्ये सोडतो. पाच पंप अर्धा तास चालले की एका प्रात्यक्षिकात हजार लिटर गेले. तेच पाणी फिरवणारा किंवा विजेवरचा डायफ्रॅम पंप हा त्यावरचा उपाय. ऊर्ध्वपातनाचं यंत्रही असंच खादाड आहे. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता सुटते. थंड करणारं पाणी ४० अंशांनी तापू दिलं तर एका लिटर शुद्ध पाण्यामागे १४-१५ लिटर लागतात. बाहेर येणारं पाणी नुसतं कोमट असेल तर त्याहून कितीतरी जास्त. वाफ सुटू न देता ते चांगलं गरम होईल इतका नळ कमी करा आणि ते पिंपात धरून काचेची भांडी धुवायला वापरा. नळ अगदी बारीक करून ठेवू नका. दाब पडला आणि पाणी तुटलं तर हीटरचा एलिमेंट जळतो.

लहान आरओ यंत्र चार लिटरांतून एक लिटर पिण्याचं देतं आणि तीन बाहेर टाकतं. वर पिण्याचे २,००० लिटर धरलेत, त्यामागे ६,००० टाकाऊ, म्हणजे हात धुण्याच्या सगळ्या पाण्याइतके. आधी पाणी तपासून घ्या. क्षार कमी असतील तर गाळणी आणि यूव्ही पुरतं, आरओ लागतच नाही. लागत असेल तर टाकाऊ पाणी वेगळ्या टाकीत घेऊन फरशी पुसायला आणि फ्लशला वापरा. रोज झाडांना घालू नका, मातीत क्षार साचतात. आणि टाकाऊ पाण्याची नळी आवळून ‘बचत’ करू नका, मेंब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या आतल्या पडद्यावर) थर चढतो.

हिरवळीला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला ५ लिटरच्या आसपास लागतात. २००० चौरस मीटरला १०,०००. नळी सोडून माळी दुसऱ्या कामाला गेला की ते सहज दुप्पट होतात. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्या. द्यायच्या आधी लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. सहज आत गेला तर आज पाणी नको. सगळ्यात चांगला उपाय हिरवळ कमी करणं हाच, पण दर्शनी भागातली हिरवळ काढू म्हटलं की बैठका सुरू होतात.

इथवरचा क्रम पुन्हा सांगतो, कारण पुढचा खर्च त्यावर ठरतो: पंपाचा विसर्ग आणि तास, रात्रीची परीक्षा, हजेरीवरून वापर, मग फ्लश आणि ओव्हरफ्लो. यातल्या कशालाही महागडं उपकरण लागत नाही. मीटर आता, यानंतर.

मीटर कुठे आणि कसे

पाच पुरेत: दोन बोअर, वसतिगृह, वर्गांची इमारत, बाग. गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर मीटर बसवू नका. आधीच कमी असलेला दाब तो खातो आणि वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडतात. टाकीत चढणाऱ्या पाइपवर बसवा, तिथे मागून पंपाचा जोर असतो. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी ठेवा. कोपऱ्याला चिकटून बसवलेला मीटर चुकीचं दाखवतो. आधी गाळणी हवीच. पाइप तिथे कायम भरलेला राहील असं पाहा, नाहीतर पंप सुरू होताना पुढे ढकलली जाणारी हवाही पाणी म्हणून मोजली जाते. आणि पाइप दोन इंची म्हणून मीटर दोन इंची, असं करू नका. मोठा मीटर बारीक प्रवाह नोंदवतच नाही. प्रत्यक्ष विसर्गाप्रमाणे माप निवडा.

वाचन रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी ६ ला, फोटोसकट.

सांडपाणी आणि पावसाबद्दल थोडक्यात. अंघोळीचं पाणी फ्लशला वापरता येतं, पण प्रक्रिया न करता ते एका दिवसापेक्षा जास्त साठवलं की वास सुटतो. त्याचे पाइप वेगळ्या रंगाचे हवेत आणि पिण्याच्या लाइनशी कुठेही जोड नको, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नको. पावसाचं म्हणाल तर १००० चौरस मीटर गच्ची आणि ६०० मिलिमीटर पाऊस असेल तर वीस टक्के घट वजा जाता ४,८०,००० लिटर हाती येतात. अडचण साठवणीची आहे. ते काही आठवड्यांत येतात आणि लागतात वर्षभर. गळकी इमारत तशीच ठेवून त्यात पाऊस ओतला तर तेही पाणी रात्रीत त्याच वाटेने जाईल.

दुरुस्तीची यंत्रणा नसेल तर वर्षभरात सगळं मूळपदावर येतं. स्टोअरमध्ये एक पेटी कायम भरलेली ठेवा: अर्धा इंची नळांचे वॉशर आणि स्पिंडल, फ्लशच्या तळाचे वॉशर, दोन बॉल कॉक, अँगल कॉक, टेफ्लॉन टेप. बहुतेक गळत्या प्लंबर नाही म्हणून नव्हे, तर आठ दिवस वॉशरची खरेदी मंजूर होत नाही म्हणून वाहत राहतात. तक्रारवहीत तक्रारीची तारीख आणि दुरुस्तीची तारीख असे दोन रकाने ठेवा, दोन्हींतला फरक महिन्याला एकदा प्राचार्यांच्या टेबलावर जाऊ द्या.

तीन महिन्यांनी रात्रीची चाचणी पुन्हा करा, तीच टाकी, तोच कोपरा, तीच पट्टी. एकूण वापराची तुलना मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा आणि माणशी लिटरमध्ये करा. परीक्षेच्या महिन्यात आवार अर्धं रिकामं असतं, तेव्हा घटलेला आकडा तुमच्या वॉशरचं यश नसतो.